पोटातलं प्रत्येक दुखणं पित्ताचं नसतं

भाकरी थापत असाल तर थापत राहा, निंदणीला गेला असाल तर मोबाइल बांधावर ठेवा, पण कान थोडा वेळ इकडं द्या.

आम्ही नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या गावांमध्ये बचत गटांचं काम करतो. इथं आम्ही नेहमी बचत, कर्ज, शेळ्या, मसाले, बँकेची कागदपत्रं यांवर बोलतो. आज बोलायचंय ते आमच्या हातून झालेल्या एका चुकीवर. त्या चुकीनं आमच्या गटातल्या एका ताईचा जीव जाता जाता वाचला. तिला विचारूनच हे सांगतोय. नाव मात्र सांगणार नाही.

ताईचं वय पंचेचाळीसच्या पुढं. चार बाळंतपणं झालेली, अंगानं भरलेली, पाच-सहा वर्षांपासून साखरेची गोळी चालू. गेल्या पावसाळ्यात तिला जेवण झालं की पोटात वरच्या बाजूला, उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. तास-दोन तास दुखायचं आणि आपोआप थांबायचं. घरात सगळे म्हणायचे, "पित्त झालंय." मग मेडिकलमधून पित्ताची गोळी यायची, दूध प्यायचं, झोपायचं. असं तीन-चार वेळा झाल्यावर आशाताईंनी तिला सांगितलं, "एकदा पोटाची सोनोग्राफी करून घे."

ताई गटाच्या बैठकीत म्हणाली, "मला दीड हजार पाहिजेत, सोनोग्राफी करायचीय." बैठकीत हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, नातू खेळवायच्या वयात सोनोग्राफी कशाला?" ती लाजून खाली बसली. हसणाऱ्यांत आम्हीही होतो. आम्ही म्हणालो, "पुढच्या बैठकीत बघू." पुढच्या बैठकीत खताच्या कर्जाचा विषय निघाला आणि ताईचा विषय मागं पडला. तिनंही पुन्हा काढला नाही.

मग नवरात्र आलं. ताईचा नऊ दिवसांचा उपवास आणि सोयाबीनची काढणी एकाच वेळी. सातव्या माळेला रात्री साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याची आमटी खाऊन ती झोपली. मध्यरात्री पोटात कळ उठली. या वेळी ती थांबेना. उलट्या झाल्या, दुखणं उजव्या खांद्यापर्यंत, पाठीत गेलं. दोन दिवस तिनं तसेच काढले, कारण काढणीची माणसं सांगून ठेवलेली. तिसऱ्या दिवशी दुखणं एकदम कमी झालं. घरच्यांना हायसं वाटलं. पण संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला, पोट फुगून कडक झालं, ताई बोलेनाशी झाली. १०८ बोलावली आणि मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथं पोचल्या पोचल्या सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडे होते, त्याची भिंत एका जागी फाटली होती आणि बाजूला पू साठला होता. ताई तीन आठवडे रुग्णालयात होती. वाचली. पण ज्या तपासणीवर आम्ही हसलो होतो, ती वेळेवर झाली असती तर एवढं झालं नसतं.

म्हणून आज ही माहिती. आधी शब्दाचा घोळ सोडवू. आपल्याकडं छातीत जळजळलं, आंबट ढेकर आला, डोकं चढलं की आपण 'पित्त' म्हणतो. ते बहुतेक वेळा जठरातल्या आम्लाचं असतं. खरं पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा रस. तेलातुपाचं अन्न पचवायला तो लागतो. यकृताच्या खाली, उजव्या बरगडीआड एक छोटी पिशवी असते, पेरूएवढ्या फळासारखी, तिला पित्ताशय म्हणतात. यकृतातला रस तिथं साठतो. आपण जेवलो की पिशवी आकसते आणि रस एका बारीक नळीतून आतड्यात सोडते.

या साठलेल्या रसाचे कधी कधी खडे होतात. कुणाला वाळूएवढे, कुणाला हरभऱ्याएवढे, कुणाला बोराएवढे. हे खडे पुरुषांपेक्षा बायांमध्ये जास्त आढळतात. आपल्या शरीरातलं स्त्री-संप्रेरक, बाळंतपणं, वाढतं वय, वाढलेलं वजन, मधुमेह ही कारणं त्यामागं आहेत. फार भराभर वजन उतरलं तरी खडे होऊ शकतात. लांबच लांब उपाशी राहिलं तर पिशवी रिकामी होत नाही आणि रस साचून घट्ट होतो. आम्ही कुणाचा उपवास मोडायला सांगत नाही. पण ज्यांना खडे असल्याचं माहीत आहे, त्यांनी दिवसभर काही न खाता रात्री एकदम तेलकट फराळ करणं टाळावं.

आता एक गोष्ट नीट ऐका. खडे असलेल्या बहुतेक माणसांना त्यांचा आयुष्यभर काहीच त्रास होत नाही. त्रास होतो तो खडा पिशवीच्या तोंडाशी अडकला की. थोड्या वेळानं खडा मागं सरकला तर कळ थांबते. ताईला पावसाळ्यात होत होतं ते हेच. खडा अडकूनच राहिला तर रस कोंडतो, पिशवी फुगते, भिंतीला सूज येते आणि मग जंतू शिरतात. याला पित्ताशयाचा दाह म्हणतात. म्हणून घड्याळाकडं लक्ष ठेवा. उजव्या बरगडीखाली किंवा बेंबीच्या वर दुखायला लागलं आणि पाच-सहा तासांत थांबलं नाही, सोबत ताप किंवा उलट्या आहेत, तर ते घरी बसायचं दुखणं नाही.

हे आतलं सगळं बाहेरून कसं कळणार? त्यासाठीच सोनोग्राफी. आपल्या कानाला ऐकू येत नाही असा बारीक आवाज हातातल्या छोट्या यंत्रातून पोटात सोडतात. तो आतल्या अवयवांवर आदळून परत येतो. विहिरीत हाक मारली की आवाज परत येतो, तसंच. त्या परत आलेल्या आवाजावरून पडद्यावर चित्र तयार होतं. यात सुई नाही, चिरफाड नाही, एक्स-रेसारखी किरणं नाहीत. म्हणूनच गरोदर बाईलाही ती करता येते. पोटावर थंड चिकट जेल लावतात, यंत्र फिरवतात, आणि साधारण पंधरा-वीस मिनिटांत आपण मोकळ्या होतो.

जायच्या आधी सहा ते आठ तास काही खायचं नाही. हा काही नुसता नियम नाही. जेवलं की पित्ताशय आकसतं, आकसलेल्या पिशवीत खडे नीट दिसत नाहीत आणि भिंत उगीचच जाड वाटते. उपाशीपोटी पिशवी भरलेली असते, तेव्हा सगळं स्पष्ट दिसतं. सकाळी गेलात तर चहासुद्धा घेऊ नका. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर त्या सकाळी घ्यायचं की नाही, हे डॉक्टरांना आधीच विचारा. आणि माणूस फार आजारी असेल तर पोट रिकामं व्हायची वाट पाहू नका. तशा वेळी डॉक्टर आहे तशीच तपासणी करतात.

डॉक्टर पडद्यावर काय बघतात, तेही सांगतो. खडा असेल तर पांढरा ठिपका दिसतो आणि त्याच्या मागं काळी सावली पडते. तुम्हाला कुशीवर वळायला सांगतात. मोकळा खडा असेल तर तो घरंगळतो. अडकलेला असेल तर जागचा हलत नाही. मग भिंत मोजतात. ती ३ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर सूज असू शकते. ३ मिलिमीटर म्हणजे ज्वारीच्या दाण्यापेक्षाही कमी, एवढं बारीक मोजता येतं. पिशवी फुगली आहे का, तिच्याभोवती पाणी साठलंय का, तेही बघतात. शेवटी यंत्र बरोबर पित्ताशयावर दाबतात आणि विचारतात, "इथंच जास्त दुखतंय का?" तेव्हा लाजू नका, दात-ओठ खाऊन सोसू नका. जिथं दुखतं तिथं स्पष्ट 'हो' म्हणा. तुमचं ते उत्तर हाही तपासणीचाच भाग आहे. खडा आहे आणि नेमकं तिथंच दाबल्यावर दुखतंय, या दोन गोष्टी एकत्र आल्या की दाह असल्याची शंका पक्की होते.

नुसत्या जाड भिंतीवरून मात्र निदान होत नाही. डेंग्यूत, यकृताच्या किंवा हृदयाच्या आजारातही ही भिंत जाड दिसते. म्हणून डॉक्टर ताप, रक्ताची तपासणी, पोटाचं दुखणं आणि सोनोग्राफी हे सगळं एकत्र ठेवून ठरवतात. सोनोग्राफीला मर्यादाही आहेत. पित्ताशयातले खडे तिला फार चांगले दिसतात, पण पुढच्या नळीत अडकलेला खडा आतड्यातल्या हवेमुळं सुटू शकतो. तशी शंका असेल तर डॉक्टर एमआरआयसारखी पुढची तपासणी सांगतात. तेव्हा "एकदा केली ना, आता आणखी कशाला?" असं म्हणून उठून येऊ नका. कशासाठी हवी ते विचारा, आणि करून घ्या.

दाह अंगावर काढला तर काय होतं, हे ताईच्या निमित्तानं आम्ही शिकलो. पिशवीत पू होतो. भिंतीला रक्त पोचेनासं झालं की ती सडायला लागते. सडलेल्या भागातल्या नसा मरतात, म्हणून दुखणं कमी होतं. ताईला तिसऱ्या दिवशी बरं वाटलं ते बहुधा असंच. मैत्रिणींनो, दोन दिवस जोरात दुखलेलं पोट औषधाशिवाय एकाएकी थांबलं आणि माणूस मात्र मलूल होत चाललं, तर तो गुण आला असं समजू नका. पुढं भिंत फाटते आणि पू पोटात पसरतो. मधुमेह असलेल्या माणसाला मुळातच दुखणं कमी जाणवू शकतं आणि आजार मात्र आत वेगानं वाढतो. कधी कधी भिंतीत हवा तयार करणारे जंतू शिरतात. सोनोग्राफीत भिंतीची फाट, आतून सुटलेले पापुद्रे, हवेचे बुडबुडे, बाहेर साठलेला पू, हे दिसू शकतं. शंका राहिली तर सीटी स्कॅन करतात.

आणखी दोन धोके लक्षात ठेवा. खडा घसरून मोठ्या नळीत अडकला की डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, थंडी वाजून ताप येतो. आणि त्यामुळं स्वादुपिंडाला सूज आली तर कळ सरळ पाठीत जाते आणि उलट्या थांबत नाहीत. दोन्हीत त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं. पोटात वर दुखतंय आणि सोबत दरदरून घाम, छातीत दाब, धाप असेल तर तो हृदयाचा झटकाही असू शकतो. तेव्हा तर तासाचीही वाट पाहू नका.

घरगुती उपायांचं काय, असं तुम्ही विचाराल. आपल्याकडं मुतखड्याला हुलग्याचं पाणी, पानफुटीची पानं देतात. पण मुतखडा आणि पित्ताशयातला खडा वेगळे. जागा वेगळी, घडण वेगळी. हुलग्याचं माडगं आवडीनं खा, पण त्यानं पित्ताशयातला खडा विरघळत नाही. तेल आणि लिंबाचा रस पिऊन खडे पाडायचे म्हणतात, त्यात जे हिरवट गोळे पडतात ते बहुतेक त्या तेलाचेच साबणासारखे गोळे असतात. खडे जागच्या जागी राहतात आणि दिवस हातचे जातात.

आता त्या हशाबद्दल बोलायलाच हवं. आपण का हसलो? कारण सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला एकच गोष्ट आठवते, गरोदर बाई आणि मुलगा की मुलगी. मराठवाड्याला त्या गोष्टीचा जुना डाग आहे. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं फक्त ८०७ मुली होत्या. गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ साली झाला, आणि तो हवाच. प्रत्येक केंद्रात त्याचा फलक असतो. पण कायद्यानं बंदी आहे ती गर्भाचं लिंग सांगण्यावर. पोट दुखतंय म्हणून सोनोग्राफी करण्यावर नाही. ती पुरुषांची होते, लेकरांची होते, सत्तर वर्षांच्या आजीचीही होते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. "बाई, तुझी कशाला?" असं विचारणाऱ्याला हे सांगा.

दुसरी भीती शस्त्रक्रियेची. ती भीती खोटी नाही. बीडकडच्या ऊसतोड करणाऱ्या बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली गाजलं, राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हापासून कुणी 'पिशवी काढायची' म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो. म्हणून फरक समजून घ्या. पित्ताशय आणि गर्भपिशवी या दोन वेगळ्या पिशव्या आहेत. आणि खडे दिसले म्हणून लगेच शस्त्रक्रिया करायची, असं नसतं. काहीच त्रास नसेल तर बहुतेकदा डॉक्टर नुसतं लक्ष ठेवायला सांगतात. कळ पुन्हा पुन्हा येत असेल किंवा दाह झाला असेल तर मात्र पित्ताशय काढणं हाच खरा इलाज असतो. पित्ताशयाशिवाय माणूस नीट जगतो, कारण रस यकृत करतं आणि तो थेट आतड्यात जात राहतो.

ही शस्त्रक्रिया आता बहुतेक वेळा दुर्बिणीतून, लहान छिद्रांमधून होते. भारतात ती पहिल्यांदा १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, म्हणजे सरकारी रुग्णालयात, डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी केली. वेळेवर गेलेली बाई दोन-तीन दिवसांत घरी येऊ शकते. उशीर झाला, माणूस फार खंगलं, तर आधी सोनोग्राफीत बघत बघत बाहेरून नळी घालून पू काढावा लागतो आणि शस्त्रक्रिया पुढं ढकलावी लागते. आमच्या ताईचं तसंच झालं.

सोनोग्राफी झाली की डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. खडे आहेत का? भिंतीला सूज आहे का? पुढची नळी मोकळी आहे का? रिपोर्टवर 'कोलेलिथियासिस' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ पित्ताशयात खडे. 'कोलेसिस्टायटिस' म्हणजे दाह. त्याच्या आधी 'अक्यूट' असेल तर आत्ताचा, घाईचा. शंका वाटली तर तोच रिपोर्ट घेऊन दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा, तो तुमचा हक्क आहे. पण दाह असेल तर दुसरं मत त्याच दिवशी घ्या, महिन्यानं नाही. रिपोर्ट आणि फिल्म पासबुकासोबत प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवा.

जायचं कुठं? पोट दुखतंय पण ताप नाही, कळ थांबते, अशा वेळी आधी आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, की जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात सोनोग्राफी कोणत्या दिवशी होते. न विचारता गेलं तर मजुरीही बुडते आणि एसटीचं भाडंही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मोठ्या इलाजासाठी नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. ही वैद्यकीय महाविद्यालयं वेगळ्या विभागाकडं असल्यानं तिथल्या शुल्काची चौकशी करा.

शस्त्रक्रिया ठरली तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. ही योजना २०१२ साली वेगळ्या नावानं आधी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं नांदेड होतं. आता तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांना भेटा आणि आपली शस्त्रक्रिया त्या रुग्णालयात योजनेत बसते का, ते विचारून घ्या. चौकशीचा नंबर १५५३८८. आणि थांबत नसलेली कळ, ताप, पिवळे डोळे, कडक पोट यांपैकी काहीही असेल तर थेट १०८.

शेवटी गटाचं. आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहे. आपण दर बैठकीत ती म्हणतो. पण ताईला दीड हजार द्यायची वेळ आली तेव्हा आम्ही ते बैठकीवर ढकललं. ताई घरी आल्यावर आम्ही तिच्या ओसरीवर बैठक घेतली आणि तिची माफी मागितली. ती म्हणाली, "माफी राहू द्या. दुसऱ्या बाईला थांबवू नका." त्या दिवशी आम्ही ठराव लिहिला. आजारपणासाठी पैसे लागले तर बैठकीची वाट बघायची नाही. अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष यांनी त्याच दिवशी पैसे द्यायचे, नोंद पुढच्या बैठकीत करायची. आणि सोबत एक बाई जायची, कारण एकटी बाई रुग्णालयाच्या दारातून "उद्या येते" म्हणून परत फिरते.

या ठरावाखाली आतापर्यंत तीन बाया तपासणीला गेल्या. दोघींना काही निघालं नाही, त्या निर्धास्त झाल्या. तिसरीला खडे निघाले, कळाही येत होत्या. दाह व्हायच्या आधीच तिची शस्त्रक्रिया झाली. ती आता परत शेळ्या राखते. त्या तिघींसोबत दवाखान्यात कोण गेलं होतं, माहीत आहे? आमची ताई.

तुमच्या गटाची पुढची बैठक ज्या दिवशी असेल, त्या दिवशी हा ठराव घ्या. वहीत लिहा, सह्या घ्या, अंगठे घ्या. आणि कुणी बाई म्हणाली, "मला सोनोग्राफी करायचीय," तर हसू नका. तिला विचारा, "कधी निघायचं?"